जुन्या ग्राफिक्सचे तीन दवाखाने

सत्यमने कोडमधल्या खोडायच्या ओळी निवडून ठेवल्या आणि कीबोर्ड अर्शीपुढे सरकवला.

"तूच लिहिलंस, तूच काढ."

अर्शीने हात मांडीवरच ठेवले. नांदेडच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात दोघं मिळून एक्स-रे बघायचं सॉफ्टवेअर बनवत. नवं बिल्ड, म्हणजे त्याची पुढची आवृत्ती, चार वाजता सगळ्या दवाखान्यांना जाणार होतं. त्या ओळी म्हणजे जुन्या ग्राफिक्स कार्डांचा सपोर्ट; तो काढला, तर तीन दवाखान्यांतल्या जुनाट कॉम्प्युटरवर ते उघडणारच नव्हतं.

"तिघांपायी दर बिल्ड आठवडाभर अडकतं," सत्यम म्हणाला.

"बिलोलीच्या त्या दवाखान्यातून मोडका पाय घेऊन माणसानं इथवर यायचं का?"

"तिथं तरी नीट चालतंय का?"

"त्यांनाच विचारू."

तिने फोन लावून स्पीकर चालू केला. तिथे एक्स-रे काढणारे शिवकुमार सात वर्षांपासून ओळखीचे होते.

"लई मस्त चालून राहिलंय मॅडम. बंद नका करू."

अर्शीने सत्यमकडे पाहिलं.

"काहीच अडचण नाही?" सत्यमने विचारलं.

"न्हाई. कधीमधी नाव नव्या पेशंटचं येतं अन् फोटो मागच्याचाच राहतो. मी बंद करून परत उघडतो. मला सवय हाय."

सत्यम पुढे सरकला. अर्शीने त्याला हातानेच थांबवलं.

"हे कधी बोलला नाहीत, भाऊ?"

"तुम्ही सपोर्ट काढून टाकताल म्हणून."

"तुम्ही रजेवर असलात, तर कोण बघतं?"

"गुरम्मा सिस्टर."

"त्यांना हे माहीत आहे?"

"न्हाई सांगितलं."

सात वर्षं अर्शी त्या ओळी जपत आली होती. दर बिल्डला त्यांच्यासाठी भांडली होती. तिने कीबोर्ड जवळ ओढला. कळ दाबली. पडद्यावरचा तेवढा भाग कोरा झाला.

"शिवकुमारभाऊ, आता त्या कॉम्प्युटरवर एकही एक्स-रे बघू नका. आज चारनंतर सॉफ्टवेअर तिथं उघडणारही नाही. दुसरा कॉम्प्युटर घेऊन मी उद्या येते."

फोनवर खण ओढल्याचा आवाज आला. मग पेशंटच्या नोंदवहीची पानं उलटत राहिली.

"मंगळवारी मी औशाला लग्नात होतो," शिवकुमार हळू आवाजात म्हणाले. "थांबा मॅडम. फोन ठेवू नका."

त्यांची पावलं दूर गेली. मग त्यांचा आवाज लांबून ऐकू आला.

"सिस्टर, मंगळवारची ती धोंडाबाई... काही मोडलं न्हाई म्हणून तिला चालत घरी पाठवलं, ते कोणता फोटो बघून?"