कागद न कापणारी कात्री

मित्रांनो, माझी गोष्ट ऐकायची तर जरा लांब बसा, माझं टोक अजून तीक्ष्ण आहे. मी केस कापायची जुनी कात्री आहे, आणि साधीसुधी नव्हे.

दुकानाच्या काचेत मी ऐटीत पडलेली असे. माझी किंमत ऐकून गिऱ्हाईकं काढता पाय घेत. एक बाई मात्र पुन्हा पुन्हा येऊन बघून जाई. शेवटी ती मला घेऊनच गेली. ती एका पार्लरमध्ये पगारावर केस कापायची. तिथली रीत अशी, की आरसे-खुर्च्या मालकिणीच्या, कात्री मात्र जिची तिची.

रडून गोंधळ घालणारी पोरंही आमच्या खुर्चीत गप्प बसत. कानाजवळून मी वाऱ्यासारखी जाई, पण कधी ओरखडा उठला नाही. रोज संध्याकाळी बाई मला पुसून, तेलाचा थेंब देऊन कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवी. घरात सक्त ताकीद होती, आईच्या कात्रीने कागद कापायचा नाही. कागदाने धार जाते, आणि बोथट कात्री केस कापत नाही, ओढते.

"आई, एकच चांदणी कापते ना," लेक गयावया करी.

"दाताने फाड. तिला हात नाही लावायचा."

त्यामुळे लेकीच्या सगळ्या कागदी चांदण्यांना फाटक्या कडांची दाढी असे.

मग कर भरायची वेळ आली. कामासाठी केलेला खर्च कमाईतून वजा होतो, उरलेल्यावर कर लागतो. मालकिणीचे आरसे वजा झाले, भिंतीवरचं चित्रसुद्धा वजा झालं. नोकरदाराला मात्र आपली वस्तू फक्त कामाचीच आहे, हे पटवून द्यावं लागे.

"पार्लर काय तुझं आहे?" बाईने माझीही किंमत वजा करायचं म्हणताच मालकीण म्हणाली.

"पार्लर तुमचं, पण कात्री माझ्या पगारातली आहे," बाई म्हणाली, आणि मला घेऊन थेट कर कचेरीत गेली.

तिथले साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "अहो ताई, कात्री घरोघरी लागते. दुधाची पिशवी कापा, दोरा कापा. हा घरखर्च झाला."

बाईने मला टेबलावर ठेवलं होतं. ती मला उचलून निघणार, तेवढ्यात टपाल आलं. साहेबांनी सहज मला घेतलं आणि पाकिटाच्या कडेला लावलं. बाईने त्यांचं मनगटच धरलं.

"कागद नाही, साहेब."

"अहो, साधं पाकीट आहे."

"पोटच्या पोरीला हिने एक चांदणी कापू दिली नाही मी. तुम्हाला कसं देऊ?"

शेजारचा कारकून खुदकन हसला. साहेबांनी मला अलगद खाली ठेवलं.

"घरात कोणीच वापरत नाही?"

"नवरा मिशीसाठी मागतो. त्यालाही नाही."

साहेबांनी स्वतःची मिशी चाचपली, पाकीट बोटाने फाडलं आणि कारकुनाला म्हणाले, "वजावट लिहून घ्या."

मित्रांनो, त्या दिवशी पर्समध्ये माझी पाती आपोआप ताठ झाली.

वाचलेल्या पैशांतून बाईने लेकीला गोल टोकाची छोटी लाल कात्री आणली. तिची फळी खालची, माझी वरची. आता धार लावून लावून मी निम्मी झाले आहे, पण कागदाला अजून शिवलेले नाही.

मालकाचा आरसा हा खर्च आणि नोकराची कात्री ही चैन, असं कोणी म्हणालं तर त्याला माझी गोष्ट सांगा. आणि तुमच्या आईबाबांच्या कामाच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावू नका. चांदणीला थोडी दाढी राहिली, तरी ती चांदणीच असते.