बोल्टावरचा हात

घोडा दाबला, गोळी सुटली, आणि कृपादान हवालदाराचा उजवा हात कुणी न सांगता उठला आणि बोल्ट ओढून मोकळा झाला.

न उडालेलं, चांगलं धडधाकट काडतूस उसळून बाजूच्या मातीत पडलं. मागं उभ्या असलेल्या शिपायांत खसखस पिकली. कृपादाननं पालथं पडल्या पडल्याच काडतूस उचललं, शर्टाला पुसून खिशात टाकलं आणि पुन्हा नेम धरला. गोळी सुटली. हात पुन्हा उठला. दुसरं काडतूस पहिल्याच्या वाटेनं गेलं. आता मात्र त्याला स्वतःलाच हसू आलं.

त्यात हाताचा तरी काय दोष? या नव्या बंदुकीला दुसरी गोळी आपली आपण भरून घ्यायची अक्कल होती. एकदा काडतुसांचं मॅगझिन खाली बसवलं की माणसानं नुसता घोडा दाबत जायचं. पण कृपादानचा हात वाढला होता जुन्या थ्री नॉट थ्रीवर. तिथं प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागं ओढा, पुढं ढकला, तेव्हा कुठं पुढची गोळी नळीत जाणार. उभी नोकरी ज्या हातानं हेच केलं, त्याला आज एकदम गप्प बस म्हटलं तर तो कसा बसेल?

बंदूक होती अमेरिकन कार्बाइन. महायुद्ध संपल्यावर तिकडच्या फौजा जे सामान मागं टाकून गेल्या, त्यातल्या दोन पुण्याहून नगरच्या पोलीस हेडक्वार्टरला नमुना म्हणून आल्या होत्या. अठ्ठेचाळीस सालचा मार्च महिना. डीएसपी साहेबांनी कृपादानला बोलावून सांगितलं होतं की पंधरा दिवस हिला वापरून बघ, पोरांना वापरू दे, आणि मग मला समोर करून दाखव. दोन गोष्टी ठरवायच्या होत्या. निजामाच्या हद्दीवर खर्ड्याकडं जे नाके बसवले होते, तिथल्या शिपायांना ही द्यावी का. आणि ईस्टरनंतर पुण्याला होणाऱ्या पोलिसांच्या नेमबाजीत जिल्ह्यानं हिच्यावर उतरावं का. दोन्ही गोष्टींची गाठ एकच होती. स्पर्धेचा नियमच असा होता की जी बंदूक ड्यूटीवर, तीच स्पर्धेत. नाक्यासाठी पसंत पडली तरच पुण्याला न्यायची.

कृपादान भिंगारदिवे हा वांबोरीकडचा माणूस. बाप मिशनच्या शाळेत मास्तर, पण पोराचं लक्ष पाटीपेक्षा गोफणीवर. पोलिसात आला आणि नेमबाजीत असा चमकला की जिल्ह्याचा चांदीचा कप सालोसाल त्याच्याच हातात. गेल्या पावसाळ्यात मात्र घात झाला. बंदोबस्ताच्या लॉरीतून उतरताना पाय घसरला आणि सगळं अंग उजव्या खांद्यावर आलं. सरकारी दवाखान्यात गेला असता तर डॉक्टरनं अनफिट लिहून दिलं असतं, म्हणून तो गुपचूप भिंगारच्या एका हाडवैद्याकडं गेला. वैद्यानं खांदा बसवला, पण तो नीट काही बसला नाही. थ्री नॉट थ्रीचा दस्ता खांद्याला लावून घोडा दाबला की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. तेव्हापासून त्यानं एक धोरण धरलं होतं. आपण उस्ताद आहोत. आपण शिकवायचं, गोळ्या पोरांनी मारायच्या. लोकांना वाटायचं, हवालदार आता पोक्त झाला. खरं काय ते एकट्या हन्नाला, त्याच्या बायकोला ठाऊक होतं.

आणि आता ही कार्बाइन! तिचा धक्का म्हणजे लहान पोरानं पाठीवर मारलेली थाप. पहिली गोळी मारताना कृपादान दात आवळून खांद्याच्या कळेची वाट बघत पडला होता, आणि कळ काही आलीच नाही. काडतूस मातीत पडलं म्हणून पोरं हसत होती, तेव्हा हा गडी आनंदानं रडायच्या बेतात आला होता. पुन्हा पुण्याला जाता येईल, पुन्हा त्या मैदानावर पालथं पडून नेम धरता येईल, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत राहिलं. माणसाला आणखी काय लागतं?

मग एकेक शिपाई पुढं आला आणि प्रत्येकाच्या हातानं तोच घोळ घातला. शेजारच्या खोलीत राहणारा रंगनाथ तर इतका सराईत, की उडालेल्या गोळ्यांइतकीच न उडालेली काडतुसं त्याच्या कुशीला जमा झाली. तरी बंदूक सगळ्यांना आवडली. हलकी, आटोपशीर, खांद्याला लावावी तर अंगाचाच भाग वाटावी. कृपादान प्रत्येकाला तिचे गुण असे सांगत होता, जणू घरची मुलगी दाखवायला काढली आहे.

सगळ्यांत शेवटी, दुसऱ्या दिवशी सहादेव उठला. हा शिपाई खर्ड्याकडच्या नाक्यावरून पंधरवड्यासाठी हेडक्वार्टरला आलेला, आणि परत तिथंच जाणार होता. बोलणं कमी, नेम पक्का. त्यानं चार गोळ्या मारल्या, कार्बाइन उलटीसुलटी करून बघितली आणि हलक्या हातानं खाली ठेवली. नाक्यावरची तऱ्हा त्यानं थोडक्यात सांगितली. रझाकार हद्दीवरची नदी ओलांडून जवळ येत नाहीत. पलीकडच्या टेकाडावर बसून लांबून मारतात, आणि इकडून पोचणारी गोळी गेली तरच उठून जातात.

"हवालदार, बंदूक ग्वाड हाय," तो म्हणाला. "पन नदीच्या पल्याड पोचंल का ही?"

"पोचंल की," कृपादान म्हणाला, आणि रिकामी टरफलं गोळा करायला खाली वाकला.

ती पोचणार नव्हती. आदल्या संध्याकाळी एकट्यानं लांबच्या निशाणावर मारून त्यानं बघितलं होतं. दोनशे यार्डांपर्यंत बंदूक शहाण्यासारखी वागली, आणि त्यापुढं गोळ्या दमल्या. निशाणाच्या अलीकडंच धूळ उडताना त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. पण साहेबांनी लांबचं काही विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायची त्याला घाई नव्हती.

हाताला वळण लावायला त्यानं एक युक्ती काढली. बंदुकीवर उजवा अंगठा टेकतो तिथं, अंगठ्याखाली एक चिंचोका धरायचा. घोडा दाबल्यावर हात उठला की चिंचोका पडणार. रिकाम्या कार्बाइनवर रोज तिन्हीसांजेपर्यंत मैदानाच्या कडेला त्याची ही तालीम चाले. पहिले काही दिवस चिंचोके वेचता वेचता कंबर मोडली. मग पडणं कमी झालं, आणि एके दिवशी एकही पडला नाही. घरी जाऊन त्यानं हन्नाला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. ती म्हणाली की हात शिकला ते बरंच झालं, पण खांद्याचं काय? त्यावर तो हसून म्हणाला की या बंदुकीला खांदा लागतोच कुठं! तिनं भाकरी तव्यावर टाकली.

ठरल्या दिवशी सकाळी साहेब चांदमारीच्या मैदानावर आले. तसे भले गृहस्थ, पण घाईचे. नाक्यांची काळजी त्यांना झोपू देत नव्हती, आणि माणसांच्या हाती काहीतरी नवं, झटपट द्यावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांनी दोनशे यार्डांवर निशाण लावायला सांगितलं. कृपादान पालथा पडला, श्वास अर्धा सोडला आणि घोडा दाबत गेला. हात जागचा हलला नाही. निशाण आणून बघितलं तर सगळी भोकं मधोमध, तळहाताखाली झाकतील इतकी जवळ. शिपायांनी टाळ्या पिटल्या. कृपादानला वाटलं, आत्ताच्या आत्ता पुण्याची गाडी पकडावी.

"आता जुनी घे," साहेब म्हणाले. "त्याच अंतरावर. तुलना तर व्हायला हवी."

हे त्यानं हिशोबात धरलंच नव्हतं. रंगनाथानं थ्री नॉट थ्री आणून हातात दिली. नाही म्हणायला काही कारण सुचेना. त्यानं दस्ता खांद्याला लावला, पहिली गोळी मारली, आणि खांद्यातून निघालेली कळ पार दाढेपर्यंत गेली. डोळ्यांतलं पाणी झटकून त्यानं पुन्हा नेम धरला, घोडा दाबला. घोडा नुसताच मागं आला, गोळी सुटली नाही. पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

बोल्ट ओढायचाच राहिला होता. हात अंगठ्याखालचा नसलेला चिंचोका सांभाळत बसला होता.

शिपाई पोट धरधरून हसले, साहेबही हसले. कृपादाननं मान खाली घालून बोल्ट ओढला आणि उरलेल्या गोळ्या कशाबशा मारून टाकल्या. निशाण आलं ते बघवत नव्हतं. एक गोळी वर, एक कडेला, दोन तर निशाणाला शिवल्याही नव्हत्या. साहेबांनी दोन्ही निशाणं शेजारी शेजारी धरली. जिल्ह्यातल्या सगळ्यांत चांगल्या नेमबाजाच्या हातून जुन्या बंदुकीवर हे आणि नव्या बंदुकीवर ते, मग आणखी काय बघायचं, असं ते म्हणाले. आजच वर लिहितो, नाक्यांवरच्या थ्री नॉट थ्री काढून सगळीकडं कार्बाइन द्या म्हणून. आणि भिंगारदिवे, तू पुण्याच्या तयारीला लाग.

झालं. जे हवं होतं ते पदरात पडलं. कृपादाननं सलाम करायला टाचा जुळवल्या आणि त्याची नजर सहादेवाकडं गेली. सहादेव त्याच्याकडं बघतही नव्हता. तो त्या जुन्या बंदुकीच्या नळीतली धूळ फडक्यानं पुसत होता. उद्या सकाळच्या मोटारीनं त्याला नाक्यावर परतायचं होतं.

"साहेब," कृपादान म्हणाला, "जुनी एकदा सहादेवाला मारू द्या."

साहेबांनी घड्याळाकडं बघितलं, पण मान हलवली. सहादेव पालथा पडला. बोल्ट ओढ, नेम, गोळी. बोल्ट ओढ, नेम, गोळी. घाई नाही, गडबड नाही. निशाण आलं. भोकं कार्बाइनच्या निशाणापेक्षाही जवळ जवळ होती. साहेब एकदा या निशाणाकडं बघत, एकदा कृपादानच्या निशाणाकडं. हे काय गौडबंगाल आहे, हे त्यांना कळेना.

कृपादाननं शर्टाची वरची बटणं सोडली आणि उजवी बाजू खाली ओढली. हाड एका बाजूला वर आलेलं होतं, आणि त्यावर आत्ताच बसलेल्या दस्त्याचा लालभडक वळ होता.

"बंदूक तीच हाय, साहेब," तो म्हणाला. "खांदा गेलाय माझा. तुलना खोटी झाली."

मग त्यानं उरलेलंही सांगून टाकलं. कार्बाइन दोनशे यार्डांपुढं दमते. नदीपल्याड ती पोचायची नाही. पोरांचे हात जुन्या बोल्टावर बसलेले आहेत. ते सोडवायला दिवस लागतात, आणि एकदा सुटले की जुन्या बंदुकीवर काय होतं ते साहेबांनी आत्ताच बघितलं. नाक्यावर अशी गंमत झाली तर हसायला कुणी उरणार नाही. 

साहेबांनी हातातली निशाणं गुंडाळली. मैदानावर वारा सुटला होता.

"नाक्यासाठी नको म्हटलं, तर स्पर्धेलाही नको. कळतंय ना, काय बोलतोयस?"

"व्हय, साहेब."

"मग पुण्याला कोण?"

कृपादाननं डावा हात सहादेवाच्या पाठीवर ठेवला. साहेबांनी त्याला शर्टाची बटणं लावायला सांगितलं आणि उद्या सरकारी दवाखान्यात जाऊन ये म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं कृपादानला वाटलं. त्यानं सलाम केला तेव्हा हात कपाळापर्यंत पुरता पोचला नाही, आणि आज तो त्यानं ओढून वर नेला नाही.

दिवेलागणीला हन्ना तेल कोमट करून घेऊन बसली. घडलं ते त्यानं सगळं सांगितलं. पुण्याला सहादेव जाणार हे ऐकून तिचा हात मधेच थांबला, आणि मग पुन्हा फिरू लागला. तिला वाईट वाटलं होतं. त्यालाही इतकं वाईट वाटत होतं की जेवण गेलं नाही, आणि ते त्यानं लपवलं नाही.

पोलीस लाईनीतल्या खोल्यांच्या भिंती पातळ. पलीकडं रंगनाथाचं बिऱ्हाड. तेल लावताना कृपादान नेहमी टॉवेलाचा बोळा दातांत धरायचा, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. हन्नानं सवयीनं टॉवेल पुढं केला. त्यानं तो बाजूला सारला. तिचा अंगठा सांध्यावर आला आणि कृपादान "आई गं" म्हणून असा मोठ्यानं विव्हळला की पलीकडं भांडी घासायचा आवाज थांबला.

"काय झालं गं, हन्नाबाई?" भिंतीपलीकडून रंगनाथाच्या बायकोनं, केशरबाईनं विचारलं.

हन्नानं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. त्यानं मान हलवली.

"खांदा दुखतोय ह्यांचा," ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली. "लई दिस झाले."