गंगाफळाची माती

धुडकूने लाल भोपळ्याच्या, म्हणजे गंगाफळाच्या, वेलाखालची माती वाटीत घोळली, पाणी निवळू दिलं आणि मिलमधून आणलेली कागदी पट्टी त्यात बुडवली. रंगखात्यात पाणी किती आंबट झालं, हे याच पट्टीवर पाहत. पट्टी पिवळट हिरवी व्हायला हवी होती. ती नारिंगी झाली. त्याने ती उन्हात धरली, मग सावलीत. नारिंगी ती नारिंगीच.

आषाढात हीच पट्टी निळी पडली होती. त्याची बायको कलाबाई धुण्याचं सोड्याचं पाणी मोठ्या मायेने वेलाला घालायची, त्याने माती खारी झाली होती. "येले काही तरी आंबट लागी," तो म्हणाला, तर ती फणकारली होती, "ऱ्हाऊ द्या. हाई माती आपली नहीच."

प्लेगच्या वर्षी गावी पळून जाऊन परत आल्यापासून तिचं मिलच्या गावात, भेस्तानात, मन रमत नव्हतं. तिने सरळ सांगून टाकलं होतं: गावाकडच्या बियांच्या या वेलाला दिवाळीपर्यंत गंगाफळ धरलं तर राहायचं, नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळायचा. धुडकूला इथेच राहायचं होतं. म्हणून त्याने मातीचा खारेपणा मोडायला गुपचूप गंधकाची पूड मिसळली होती, तीही बेताने. मग माती एवढी आंबट झाली कशी? बिचारा डोकं खाजवत बसला.

तेवढ्यात कलाबाई मागच्या दाराने बाहेर आली. हातात झाकलेला गडू. नवऱ्याला पाहून ती जागीच थबकली.

"मिलमा नही गयात?"

"आज रजा. गडूमा काय शे?"

"ताक."

"कोनासाठे?"

तिने पदर सारखा केला. वेलाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं नाही.

"तुम्हीच सांगं व्हतं ना, आंबट लागी म्हनीसन."

"रोज वततस?"

"रोज."

धुडकूला हसू आवरेना. "आनि मी गंधक टाकं! बिचाराना दात आंबनात व्हतीन!"

"मंग आते?"

तिच्या आवाजात काळजी होती, आणि ती लपवायचंही तिला सुचलं नाही. धुडकू हसायचा थांबला. त्याला एकदम फार बरं वाटलं.

"चुल्हानी राख. जराशी. आंबटपना कमी व्हई."

"हाई पी घ्या," म्हणत तिने गडू त्याच्या हाती दिला आणि लगबगीने आत गेली. राखेचं घमेलं आणून त्याच्यापुढे ठेवलं.

"समदी टाकू नका," ती म्हणाली. "पुढला सालले बी लागी."