व्याह्यांचं बी

चुडामण आबांनी सकाळी तोंडसुद्धा धुतलं नव्हतं, तोच व्याह्यांना फोन लावला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सुनावलं, "व्याही, तुमचं बी पोचट निघालं! मिरचीचं रोप नाई, नुसता कचरा हाये कचरा. येऊन पाह्यजा!"

आबांना फोनवर हळू बोलता येतच नसे. व्याह्यांचं गाव दोंडाईचा लांब, मग आवाजही लांबचा हवा, असा त्यांचा हिशेब. पण त्यांच्या पाठीमागे सारिका, त्यांची सून, चहा गाळत होती आणि ते बी तिच्या माहेरचं होतं. तिनं पातेलं असं आदळलं की देवघरातून आबांच्या बायकोनं, सुनंदाबाईंनी विचारलं, "काय पडलं वं?"

पलीकडून अभिमन नानांचा आवाज आला. "मना बीले नाव ठेवतस? मी पहिली गाडी धरीसन येस. दखस काय व्हयनं ते."

आता ही भानगड अशी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, सारिका माहेरी गेली, तेव्हा नानांनी घरच्या मिरचीतून एकेक लालबुंद मिरची निवडून बी काढलं आणि पुरचुंडी बांधून तिच्याबरोबर धाडलं. मिरची म्हणजे नानांचा जीव की प्राण. आबांचं घराणं मात्र पिढीजात केळीचं. केळ ही जातच खादाड. आपण टाकत जावं आणि तिनं मागत जावं. तापीकाठी जन्मभर केळीला भरवून भरवून आबांचा हात सढळ झालेला. मिरचीचा वाफा त्यांनी हौसेनं घातला, वर हिरवी नेट बांधली आणि लेकुरवाळी बाई पाळण्याकडे पाहते तसे दिवसातून चारदा जाऊन पाहू लागले.

पहिले काही दिवस रोपं अशी काळीभोर, तकतकीत दिसत होती की आबा येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून वाफ्याकडे नेत. मग पानांचे शेंडे करपले. कडा तपकिरी होऊन खाली वळल्या. वैशाखाचं ऊन होतं हे खरं, पण वाफा ओलाचिंब असतानाही रोपं माना टाकू लागली.

शेजारच्या लोटननं पान उलटंसुलटं करून सांगितलं, "आबा, चुरडा-मुरडा हाये हा." पण तो रोग किडीमुळे येतो, आणि पानाखाली एक किडा सापडेल तर शपथ. खताच्या दुकानदारानं टॉनिकची बाटली दिली. दुकानदार दुसरं काय देणार? सुनंदाबाईंनी ठरवलं की रोपांना नजर लागली. मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेऊन त्या वाफ्यावरून ओवाळायला निघाल्या, तेव्हा त्यांचा मुलगा, सारिकाचा नवरा जितेंद्र म्हणाला, "आई, मिरचीची नजर मिरचीनंच काढतं का?" सुनंदाबाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. चुलीत टाकल्याबरोबर असा ठसका उठला की अर्धी गल्ली खोकली. ठसका लागला, म्हणजे नजर नव्हती. तेवढं एक निदान पक्कं झालं.

मग उरलं काय? बी. म्हणून आबांनी फोन लावला होता.

नाना दुपारच्या आत येऊन थडकले. डोक्यावर टोपी, हातात पिशवी. सुनंदाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पानी मांगे पिसू. पहिले वाफा दखाडा," ते म्हणाले.

सगळं घर त्यांच्या मागोमाग निघालं. सारिका सगळ्यांच्या मागे, पदर तोंडाशी धरून. सासरा हरला तर घरात धुसफूस, बाप हरला तर माहेराचं नाक खाली. बिचारीनं कुठे पाहावं?

नाना वाफ्याशी उकिडवे बसले. रोपांकडे त्यांनी नुसती नजर फिरवली. "व्याही, रोग काय मापीसन येस का? एखांदा कोपरामा येस, मंग पसरस. आठे ते बठ्ठा वाफा एकसारखा करपना." एक रोप उपटून त्यांनी मूळ पाहिलं. पांढरंशुभ्र असायला हवं ते मूळ भाजल्यासारखं तांबूस होतं. मग ते मातीकडे वळले. वाफ्यावर पांढुरकी खपली धरली होती. नानांनी ती नखानं उचलली आणि सरळ जिभेवर ठेवली.

"थू! थू! कोनी मीठ पेरं आठे?"

"मीठ?" आबा उसळले. "आमी काय येडे हाओत?"

"मंग खत कितलं टाकं?"

"जास्त नाई. वाफा करतानी टाकलं तेवढं. अन् उगोल्यावर चिमूट-चिमूट युरिया."

"चिमूट दखाडा."

आबांनी चिमूट दाखवली. त्या चिमटीत नानांचा पानसुपारीचा डबा आरामात मावला असता.

"आनखी?" नाना म्हणाले.

आबांनी मान हलवली. पण जितेंद्र खाकरला. "मी... म्हंजे आबाले सांगतलं नव्हतं. एकोणीस-एकोणीसचं खत दिलं मी. एक दिवसाआड. रोपं अशक्त दिसत होती ना."

"तू बी?" आबांनी डोळे वटारले.

"त्याले कायले बोलता?" सुनंदाबाई मध्ये पडल्या. "मी बी शेनाचं पानी ओतत होती सकायच्या पाहारी. शेनानं काय होतं? थंड असतं ते."

"अन् टॉनिक?" नानांनी बाटली उचलून उलटी केली. थेंब पडला नाही. "हाई कोनी सरावी?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी मागून बारीक आवाज आला.

"नाना, मी."

नाना गर्रकन वळले. "तू? मिरचीना वावरमा वाढेल पोर तू!"

"माले वाटनं, रोपं मरनात ते तुमनं नाव जाई." सारिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हनीसन रोज थोडं थोडं टाकं."

मग आबांना हसू फुटलं. आधी पोटातल्या पोटात, मग टोपी काढून गुडघ्यावर आपटत. "मी समजत होतो मी एकलाच खाऊ घालतो! अरे, चार-चार मानसं भरवत होती!"

"याले रोग नही, काही नही," नाना म्हणाले, "अजीर्ण शे. अती तठे माती. आते निव्वय पानी द्या, झारीनं, हयूहयू. वाफानी कड फोडा, खारं पानी निंघी जाऊ द्या. मंग माती जरा सुकाले लागू द्या. नवं पान येस तोवर कोनी काही टाकानं नही. ताक सुद्धा नही."

दुपारी वरण-बट्टी होती. आबांना माफी मागता येत नव्हती, ती त्यांनी कधी कोणाची मागितलीच नव्हती. त्यांनी तूप वाढलं, बट्टी वाढली, पुन्हा तूप वाढलं. अखेर नानांनी दोन्ही पंजे ताटावर आडवे धरले. "पुरे, व्याही! मी मिरची शे, केय नही!"

त्यानंतरचे दिवस आबांना फार जड गेले. काम करायला सांगा, रात्रंदिवस करतील. पण काही करू नका म्हणजे? खताच्या खोलीची किल्ली सुनेच्या कमरेला गेली. आबा हात पाठीशी बांधून वाफ्याला चक्कर मारत आणि उसासा टाकून परत येत. तिसरा हिस्सा रोपं गेलीच. त्यांना आबांनी स्वतःच्या हातांनी उपटलं आणि त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं नाही. व्याह्यांनी एकेक मिरची निवडून पाठवलेलं बी आपण मारलं आणि वर त्यालाच नाव ठेवलं, हे त्यांच्या मनातून जाईना.

मग एका सकाळी उरलेल्या रोपांच्या शेंड्यात कोवळं पान दिसलं. सपाट, फिकट हिरवं, कड न वळलेलं. आबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एका रोपाला नाही, सगळ्या वाफ्याला होतं.

ते तसेच अंगणात आले. सारिका स्वयंपाकघरात आहे ना, हे खिडकीतून बघून घेतलं आणि फोन लावला. आवाज पहिल्यापेक्षाही मोठा होता.

"व्याही! बी चोख हाये तुमचं! आयकलं का? एक नंबर बी! मी उगाच बोललो. चूक माही होती!"

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"नवं पान उनं का?" पलीकडून नानांनी विचारलं. "काय टाकं?"

"काईच नाई."

"काहीच नही? यवढा दिन? तुम्ही?"

"तुमच्या पोरीले इचारा. हात बांधून बसलो होतो."

नानांचा आवाज एकदम काळजीचा झाला. "व्याही, तुमनी तब्येत बरी शे ना?"

स्वयंपाकघरात सारिका इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली.