फलकावरची लाल नावं

त्या बुधवारी ट्रीसा आमच्या मच्छीमार संघाच्या ऑफिसात तणतणतच शिरली. "माझा नवरा समुद्रात आहे म्हणता? मग घरी उकडलेला कप्पा-कंद आणि मत्ती मासळीचं कालवण चापतोय तो कोण?"

भिंतीवरच्या फलकावर तिच्या नवऱ्याची बोट 'अल्फोन्सा' लाल होती. लाल म्हणजे बोट समुद्रात, हिरवी म्हणजे धक्क्याला. आदल्या आठवड्यात अशाच एका लाल नावापायी आम्ही दोन बोटी शोधाला धाडल्या, आणि तांडेल सापडला चहाच्या टपरीवर. कोल्लमपर्यंत हसं झालं.

संघाचे सचिव पौलोस सार जेसिंताचेच्चीकडे, आम्हा सगळ्यांच्या जेसिंताताईकडे, वळले. फलक चालवणारा प्रोग्रॅम तिनंच लिहिला होता. मी शेजारीच वायरलेसवर बसतो.

"रोज सकाळी मशीन बंद करून चालू कर. संपलं," सार म्हणाले.

"सार, तसं केलं तर बाहेर असलेल्या बोटींची नोंदही पुसली जाईल. मी चूक शोधते."

"रविवारपर्यंत. मग मी खडू-फळा आणतो."

चेच्चीनं मला सगळं समजावलं होतं. लिनक्सवर एक मूळ प्रोग्रॅम चालतो, तो पॅरेंट. बोट निघाली की तो तिच्यासाठी एक चाइल्ड जन्माला घालतो. चाइल्ड त्या एकाच बोटीकडे कान लावून बसतो आणि बोट परतली की संपतो. तेव्हा पॅरेंटला इशारा जातो. त्यानं विचारपूस केली की नाव हिरवं होतं. विचारलंच नाही, तर मेलेला चाइल्ड यादीत तसाच पडून राहतो.

"त्याला झोंबी म्हणतात," ती म्हणाली. "आपल्याकडे सात आहेत."

दोन दिवस तिनं ओळ न् ओळ वाचली. प्रोग्रॅममध्ये एकेक खोटी बोट परत आणून पाहिली, दर वेळी नाव बिनचूक हिरवं. शनिवारी वैतागून ती छत्री घेऊन धक्क्यावर जाऊन बसली. भरतीबरोबर चार-चार, पाच-पाच बोटी बंदराच्या मुखातून आत येत होत्या.

परत येताच तिनं मला विचारलं, "धक्क्यावरचा रिसीव्हर परतलेल्या बोटींची नावं प्रोग्रॅमला कशी पाठवतो?"

"मिनिटाला एकदा. असतील तेवढी एकदम."

ती खुर्चीवर बसलीच नाही. उभ्याउभ्या तिनं छोटा प्रोग्रॅम लिहिला: पाच चाइल्ड, पाचही एकाच क्षणी संपणारे. चालवला. पुन्हा चालवला.

"बघ! मेले पाच, आणि पॅरेंटला हाक ऐकू आली एकच. एक इशारा ताटकळत असला की मागचे त्यातच मिसळतात. हा बाबा एकाची चौकशी करतो आणि कामाला लागतो."

"मग?"

"मग हाक आली की त्यानं विचारत राहायचं: अजून कोण गेलं, अजून कोण? कुणी उरलं नाही की थांबायचं. जे जिवंत आहेत त्यांची उगाच वाट बघत अडकायचं नाही."

दुरुस्ती तीन ओळींची निघाली. रविवारी सगळ्या बोटी धक्क्याला असताना तिनं ती चढवली.

सोमवारी एकतीस बोटी गेल्या. दुपारी तीस नावं हिरवी झाली. 'स्टेला मारिस' लालच.

"राहिलंच ना एक भूत!" सार म्हणाले.

चेच्चीनं यादी पाहिली. "झोंबी एकही नाही, सार. हा चाइल्ड जिवंत आहे. बोट खरंच बाहेर आहे."

मी वायरलेसवर हाका मारल्या. उत्तर नाही.

सारांनी कपाळ चोळलं. "पुन्हा फजिती झाली तर?"

"माझ्या नावावर टाका. पण आत्ता बोट पाठवा."

तीनच्या सुमारास ती सापडली. पंख्यात जाळं गुंतलेलं, बॅटरी मेलेली, आत पाच माणसं. ओढून आणली तेव्हा धक्क्यावर ही गर्दी. सार स्वतः पाण्याची कळशी घेऊन धावले.

मी चेच्चीला बोलवायला वर गेलो. ती पडद्यासमोरच होती.

"पाचही जण सुखरूप आहेत," मी म्हणालो. "चल ना खाली."

तिनं डोळे मिटून छातीवर क्रूस काढला. "आलेच. पन्नास चाइल्ड एकदम मारून बघतेय."

"पन्नास? आपल्या बोटी एकतीस!"

"वाढणार नाहीत का?" असं म्हणून तिनं बटण दाबलं.