मेज धरणारे आठ जण

आमच्या चर्चमध्ये पुरुषांचं काम दर रविवारी दोनदा यायचं आणि दोन्ही वेळा चार मिनिटांत संपायचं. प्रभुभोजनाचं मेज उचलायचं, एवढंच.

हे मेज एका मोठ्या चर्चने आमच्या छोट्या चर्चला भेट दिलं होतं. जाड सागवानी पाय, वर काळा दगड, प्रत्येक बाजू एक मीटर चाळीस. मधोमध ठेवलं की पाळकांच्या खोलीचं दार उघडत नसे, म्हणून आठवडाभर ते बाजूच्या भिंतीला लावलेलं असे. रविवारी पाळक बाहेर आले की आठ पुरुष ते उचलून मध्ये आणत. उपासना संपली की उचलून परत भिंतीशी नेत, म्हणजे पाळकांना झगा उतरवायला आत जाता येई. मधला दीड तास हे आठही जण बाहेर सायकलींच्या शेडखाली उभे असत. आत बायका गात, शास्त्रपाठ वाचत, प्रार्थना करत, आजाऱ्यांची नावं घेत. बाहेर टायर, गुडघे आणि पेन्शन यांवर बोलणं चाले. शेवटच्या गीताचे सूर ऐकू आले की ड्रायव्हरकाका म्हणत, "चला, बोलावणं आलं."

माझे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, आता निवृत्त आहेत. मेजाचा पुढचा डावा कोपरा त्यांचा. तो त्यांना आजोबांकडून मिळाला होता. एकदा अंगात ताप असताना आईने त्यांना घरी थांबा म्हटलं, तर म्हणाले, "कोपरा मोकळा सोडू होय?" आणि गेले.

मग महिला मंडळाने ठरवलं की मेजाला चाकं लावायची. फरशी धुतली जायची शनिवारी आणि पुरुष यायचे रविवारी, त्यामुळे मेजाखालची फरशी कित्येक वर्षं कोणी धुतलीच नव्हती. मंडळाची अध्यक्ष माझी आई. चाकं तिने आणलीसुद्धा. चार, लोखंडी, फिरकीची.

त्या दिवशी बाबा घाईने जेवले. हात धुऊन आले आणि माझ्यासमोर बसले.

"तू पदार्थविज्ञान शिकलीस ना? चाकं लावली तर काय काय बिघडेल ते लिहून दे. पंचमंडळापुढे ठेवतो."

"काहीच बिघडणार नसेल तर?"

"आधीच नाट लावू नकोस."

"पण बाबा, उचलायचं नसेल तर तुम्हालाच बरं. कंबर धरते म्हणता ना?"

"उचलायचं नसेल तर मी तिथे जाऊन करू काय?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. खरोखरच विचारत होते.

दुसऱ्या दिवशी मी टेप, एक पारदर्शक नळी आणि पाण्याची बाटली घेऊन चर्चमध्ये गेले. मेजाचं वजन काढणं सोपं होतं. दगडाची लांबी, रुंदी, जाडी आणि घनता, त्यात लाकूड मिळवायचं. आलं तीनशे दहा किलो. मग नळीत पाणी भरून फरशीची पातळी पाहिली, आणि पुन्हा पाहिली, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसेना. फरशी मुख्य दाराच्या दिशेला उतरती होती, दर मीटरला दोन सेंटिमीटर. बाबांच्या हत्यारपेटीतली बेअरिंगची गोळी मी मेजाच्या जागेवर ठेवली. तिने क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि थेट दाराकडे निघाली.

बाबांचा चेहरा इतका उजळलेला मी माझ्या निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता.

"म्हणजे चाकं लावली तर मेज पळणार."

"हळूहळू. कोणीतरी धरून ठेवलं पाहिजे."

"किती जोराने?"

मी हिशोब केला. चाकांचं घर्षण वजा केलं. "साधारण तीन किलो वजन पेलायला लागतो तेवढा जोर."

"प्रत्येकी?"

"एकूण."

बाबांनी कागद आपल्याकडे वळवला, जणू दुसऱ्या बाजूने आकडा मोठा दिसेल. "आठ जणांत मिळून तीन किलो?"

"प्रत्येकी पावणेचारशे ग्रॅम."

"हे लिहू नकोस."

"मग काय लिहू?"

"आठ माणसं लिही."

खोटं लिहायला माझा हात धजेना, आणि खरं लिहायला बाबांचा चेहरा आड येई. शेवटी मी लिहिलं: 'उतारावर मेज धरून ठेवण्यासाठी आठ पुरुष पुरेसे आहेत.' वाक्य पूर्णपणे खरं होतं.

पंचमंडळाने अहवाल दोनदा वाचून घेतला. ब्रेक असलेली चाकंही मिळतात, असं कोणीतरी मागून म्हणालं. ड्रायव्हरकाका उठून उभे राहिले. "मी तीस वर्षं बस चालवली आहे," ते म्हणाले. "ब्रेकवर माझा विश्वास नाही." असा ठराव झाला की चाकं लावावीत, आणि उपासना चालू असेपर्यंत आठ पुरुषांनी मेज धरून उभं राहावं.

चाकं बसवण्याआधी मी त्यांचे स्क्रू आणायला दुकानात गेले, तेव्हा दुकानदाराने ब्रेकवाली चाकं शेजारच्याच खोक्यात दाखवली. किंमत तीच. घरी येऊन मी आईला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तुला दाखवली नव्हती का त्याने?"

"दाखवली की."

"मग?"

"मग काय."

"आई, फरशीला उतार आहे."

तिने चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली आणि दोन आपण धरली. "सव्वीस वर्षं ती फरशी धुतेय मी. पाणी कुठे जातं ते कळत नाही होय मला? ओढ नीट, सुरकुती पडतेय."

पहिल्या रविवारी मेज एका बोटाने ढकलत आई आणि सचिवबाईंनी मध्ये आणलं. मग आठ पुरुष चारी बाजूंनी उभे राहिले, प्रत्येकाचा एक तळवा दगडावर. दाराच्या विरुद्ध बाजूचे दोघे मेज ओढून धरत होते की ढकलत होते, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. प्रवचन चाळीस मिनिटं चाललं. ड्रायव्हरकाकांना उभ्याउभ्या झोप लागली, पण हात सुटला नाही. ज्यांना सगळे गुडघेमामा म्हणतात ते दुसऱ्या गीताला खुर्ची मागून बसले आणि बसूनही हात वर करून धरून राहिले. उपासना संपल्यावर ते पाळकांना म्हणाले, "हे असं तुम्ही दर रविवारी सांगता?"

"दर रविवारी वेगळं सांगतो," पाळक म्हणाले.

"बरं असतं की."

चौथ्या रविवारी ड्रायव्हरकाकांना शिंक आली. रुमाल काढायला त्यांनी हात उचलला, नाक पुसलं, आणि मेज जिथल्या तिथे होतं. त्यांनी हात मुद्दाम आणखी एक गीतभर खिशात ठेवला. पुढच्या रविवारी ते आपल्या बायकोशेजारी बाकावर बसले आणि गाऊ लागले. सूर भयंकर होता, पण काकूंनी जागा केली. त्यांच्यामागोमाग शेजारचे दोघे गेले. मग गुडघेमामा, खुर्चीसकट. दोन महिन्यांत मेजाशी फक्त बाबा उरले. पुढचा डावा कोपरा, अंगात पांढरा सदरा, तळवा दगडावर.

मी त्यांना घरी म्हटलं, "बाबा, चाकाखाली एक दगड ठेवला तरी भागेल. तुम्ही बसा."

"म्हणजे मी इतके दिवस दगडाच्या जागी उभा आहे?"

"तसं नाही म्हणाले मी."

"आकड्यात तसंच बसतं ना?" ते म्हणाले. "तुझी आई पाठ वाचते, गाणं उचलते, कोणाच्या घरी काय दुखणं आहे ते तिला पाठ असतं. मला नुसतं बसायला सांगता. बसून मी करू काय? मला तिथलं हे एकच काम येतं."

हा रविवार शेवटचा, त्यानंतर जायचंच नाही, असंही ते म्हणाले. आई स्वयंपाकघरात होती. तिने हे ऐकलं की नाही, ते तिच्या पाठीवरून कळलं नाही.

रविवारी सकाळी आईचा घसा बसला होता. तिने खुणेने सांगितलं की आज पाठ वाचता येणार नाही. चर्चमध्ये तिने पाळकांच्या कानाशी काहीतरी पुटपुटलं आणि बाबांकडे बोट दाखवलं. शास्त्राचा मोठा ग्रंथ मेजावरच असतो आणि बाबा मेजाशीच होते, त्यामुळे पाळकांनाही ते सोयीचं वाटलं.

बाबांनी मान हलवून नाही म्हटलं. पण पाळकांनी पान आधीच उघडलं होतं आणि सगळे बसून त्यांच्याकडे पाहत होते. त्या दिवशीचा पाठ म्हणजे एक लांबलचक यादी होती: उपासनेच्या तंबूतलं कोणतं सामान कोणत्या घराण्याने उचलायचं. बाबांनी चष्मा लावायला दुसरा हात वापरला. पहिल्या चार ओळी ते पुटपुटले. मग खांब, दांडे, पडदे, खुंट्या असं सामान यायला लागलं आणि आवाज मोकळा होत गेला. तीस वर्षं केबल आणि कप्प्या हाताळलेला माणूस, कुठला दांडा कुठल्या कडीत जातो ते त्यांना डोळ्यांसमोर दिसत असावं. पान उलटायची वेळ आली. एका हाताने ते जाड पान उलटेना. त्यांनी दगडावरचा हात उचलला.

मेज निघालं.

ग्रंथ मेजावर, म्हणून ओळीही निघाल्या. बाबा एक पाऊल सरकले, मग दुसरं, आणि वाचत राहिले. दोन्ही बाजूंच्या बाकांमधल्या वाटेने मेज शांतपणे दाराकडे चाललं होतं आणि बाबा त्याच्याबरोबर बाजूने चालत घराणी आणि त्यांची ओझी वाचत होते. लोक बसल्याजागी वळत गेले. ड्रायव्हरकाका आणि आणखी तिघे उठायला लागले.

"बसा," आई म्हणाली, स्वच्छ आवाजात. "पाठ चाललाय."

ते बसले. मेजाने थोडा वेग घेतला, बाबांनीही घेतला. शेवटचं घराणं, शेवटच्या खुंट्या, शेवटचे दोर वाचून झाले तेव्हा चाकं दाराच्या उंबऱ्याला लागली आणि मेज चौकटीत अडकून थांबलं. बाबांनी ग्रंथ मिटला. "आमेन," सगळे म्हणाले.

बाबा मोकळ्या हातांनी परत वर आले. मधली जागा रिकामी होती. तिथे ते जरा घुटमळले, हातांचं काय करावं ते न कळून त्यांनी ते मागे घेतले, मग पुढे. आईने बाकावरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली.

"बसा."

"मेजाचं काय?" बाबांनी हळूच विचारलं.

"ते कुठे जातंय आता."

त्यांनी मागे वळून पाहिलं. मेज दार अडवून उभं होतं. ते उचलल्याशिवाय आज कोणालाच, पाळकांनाही, बाहेर पडता येणार नव्हतं, आणि अजून अख्खं प्रवचन बाकी होतं. बाबा बसले.