किती दिवसांची गाठ

डॉक्टरीणबाईंनी काचपट्टी पुसली, उजेडाकडे धरून पाहिली आणि तिसऱ्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

"अजून त्या शिंपिणीच्या काचपट्टीतच अडकलात?" सर दारात उभे होते. विभागाचे प्रमुख ते. काचेवरचं वाचायला बाईंना त्यांनीच शिकवलं होतं. "मी कर्करोग लिहून दिलाय. उद्या सकाळी हात कोपराखालून काढणार आहेत."

"एवढं एक बघते, सर."

पेशी लांबट होत्या, भराभर दुभंगत होत्या. बघताक्षणी कर्करोगच वाटावा अशा. पण केंद्रकं सगळी एका साच्यातली, नीटस. मधे पाणथळ मोकळी जागा, तिथं रक्तपेशी सांडलेल्या. घाईत होत्या बिचाऱ्या, माजलेल्या नव्हत्या. बाईंनी सोबतचा कागद उलटला. 'गाठ किती दिवसांपासून?' यापुढचा रकाना कोरा होता.

त्या उठल्या आणि जिना चढून वॉर्डात गेल्या.

खाटेवरची शिंपीण उशीच्या अभ्र्याची उसवलेली शिवण चाचपत बसली होती.

"गाठ केव्हा दिसली हो?"

"आत्ता विचारताय? येतो तो दाबून जातो, जशी काही मी टोपलीतला टोमॅटोच!" ती म्हणाली. "पुतणीचा झगा शिवला तेव्हा हात साफ होता. त्याला येत्या शनिवारी तीन आठवडे होतील."

"नक्की?"

"माझाच हात आहे, बाई. शेजारणीचा नव्हे."

बाई खाली आल्या. सर टेबलाशी काही लिहीत होते.

"सर, गाठ तीन आठवड्यांची आहे. कर्करोगाला सहसा इतकी घाई नसते. ही नोड्युलर फॅसायटिस आहे. साधी गाठ, पुष्कळदा आपली आपण विरते."

"तीस वर्षं हेच करतोय मी."

"म्हणूनच म्हणते, पुन्हा बघा."

आवाज चढला नाही. पण काचपट्टी पुढे धरलेला हातही खाली आला नाही.

सरांनी ती घेतली. बराच वेळ सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू फिरवल्याची कुरकुर ऐकू येत राहिली. मग त्यांनी आपला अहवाल आडवा खोडला, 'हात काढू नये' असं लिहून खाली सही केली आणि सर्जनना फोन लावला.

बाई निघणार, तोच सर म्हणाले, "जुन्या काचपट्ट्यांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. का?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एक सुतार होता. माझ्या अहवालावरून त्याचा हात काढला, त्याला बावीस वर्षं झाली. त्याची गाठ किती दिवसांची होती, हे विचारल्याचं काही आठवत नाही मला."

बाईंनी खिशातून किल्ली काढली. त्यांच्या हातात मात्र दिली नाही.

"चला," त्या म्हणाल्या, "दोघं बघू."